पुठ्ठा की स्टायरीन? बार्शी लाइटच्या वॅगनसाठी काय घ्यावं

बार्शी लाइट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचं मॉडेल १:८७, म्हणजे एचओ, मापात उभं करायचं ठरवलं की मापाची काळजी फारशी उरत नाही. ७६२ मिमीच्या गेजला, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराला, ८७ ने भागलं की पावणेनऊ मिमी येतात, आणि एन स्केल या एचओहून लहान मापाचे रूळ आयतेच ९ मिमीचे असतात. ब्रॉडगेजवाल्यांचं असं नाही. १६७६ ला ८७ ने भागलं तर १९ मिमीच्या वर जातं आणि बाजारात मिळणारे एचओचे रूळ साडेसोळाचे. तेवढी तडजोड त्यांना गिळावी लागते. आपल्याला नाही.

आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. बार्शीची वॅगन मला कधी तयार मिळाली नाही. बोगी म्हणजे खालचे चाकांचे गाडे एन स्केलच्या जुन्या वॅगनचे काढून वापरता येतात, पण वरचं सगळं आपणच कापायचं. ते पुठ्ठ्यातून कापायचं की स्टायरीनमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ शीटमधून? मी दोन्ही केलं आहे. आधी सहा वॅगन पुठ्ठ्याच्या, मग नऊ स्टायरीनच्या. कोणी विचारलं तर दोन्हींबद्दल चांगलं बोलतो. तरी एका बाजूला माझा कल झुकला आहे, आणि तो का झुकला तेच इथे लिहितो.

आधी थोडं मूळ गाडीबद्दल, कारण निवड त्यावरच ठरते. एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी ही लाइन आखली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा हिशोब होता. म्हणून वॅगन बोगींवर, आणि खालची चौकट दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची, २५ फूट लांब, ७ फूट रुंद. आपल्यासाठी यातली मोठी सोय अशी की मालगाडीला हीच चौकट वापरलेली आहे. १:८७ मध्ये ती ८८ मिमी लांब आणि साडेचोवीस मिमी रुंद होते. एक साचा नीट बसवला की उघडी असो वा बंद, खालचं काम तेच. पण त्याचाच अर्थ असा की चौकट बिघडली तर सगळी रांग बिघडते.

पुठ्ठ्याचं कौतुक मनापासून करतो. आर्किटेक्चर कॉलेजजवळच्या कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे माउंट बोर्ड हा जाड पुठ्ठा आणि आयव्हरी शीट हा पातळ, गुळगुळीत पुठ्ठा मिळतो. चूक झाली तर नवा तुकडा कापायला मन कचरत नाही. चौकटीला माउंट बोर्ड, बाजूंना आयव्हरीचे दोन थर, पांढरा गोंद, स्टीलची पट्टी, नवं पातं. एका रविवारी वॅगन उभी राहते. घरात लहान मूल असेल तर तेही शेजारी बसून काम करू शकतं, वास नाही की धूर नाही.

रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या गोल डोक्यांच्या, बाबतीत तर पुठ्ठ्याचा हात धरणारं काही नाही. आयव्हरी पालथी घालायची, खाली कटिंग मॅट, आणि आखलेल्या रेघेवर बोथट दाभण हलक्या हाताने टेकवत जायचं. उलटी केली की सुलट बाजूला बारीक पुळ्यांची रांग. मूळ गाडीवरचा इंचभर रिव्हेट इथे ०.३ मिमीचा होतो, म्हणजे दिसायला हवा पण बोटाला लागायला नको. आयव्हरीवर ते अलगद जमतं. स्टायरीनच्या पाव मिमीच्या शीटवरही येतं, पण जोर जास्त लागतो आणि एखादा रिव्हेट आरपार जातो. मग ती पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

स्टायरीनचं सुख कापण्यात आहे. पुठ्ठ्यावर पातं पाच-सहा वेळा फिरवावं लागतं आणि पातं लवकर बोथट होतं. बोथट पात्याने कडेला लव सुटते, आणि रंग दिला की तीच लव केसासारखी उभी राहते. स्टायरीनवर दोन ओरखडे मारायचे, वाकवायचं, कट्कन सरळ तुटतं. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना किंचित उंचवटा येतो, तो पात्याच्या पाठीने खरवडला की झालं. कोपरा गुण्याला लावला तर उजेड दिसत नाही. जोडायलाही तसंच. दोन तुकडे कोरडेच एकमेकांना भिडवायचे आणि सांध्यावर ब्रशने प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रावणाचा एक थेंब टेकवायचा. तो फटीतून आपोआप पळत जातो, अर्ध्या मिनिटात जोड धरतो. दुसऱ्या दिवशी तो सांधा राहतच नाही, दोन्ही तुकडे वितळून एक झालेले असतात. ही गोष्ट पहिल्यांदा बघताना मला फार आनंद झाला होता, आणि अजूनही होतो.

लेझरने कापलेल्या एमडीएफबद्दल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीबद्दलही, विचारलं जातं. इमारतींना आणि तळाच्या फळीला ठीक. वॅगनला नको. दोन मिमीचा तुकडा या मापात सात इंच जाडीची भिंत होते.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत ठरवलं तिच्याकडे येतो.

मी ठाण्यात राहतो. सहाही पुठ्ठ्याच्या वॅगन मार्च ते मे या काळात केल्या. मे अखेरीस त्या लेआउटवर दिवसभर फिरत होत्या, एकदाही घसरल्या नाहीत. जुलैत तिसरी वॅगन पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे, नेमकी रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगपाशी, उतरायला लागली. प्रत्येक वेळी नाही, चारातून एकदा. मला वाटलं पॉइंटच चुकलाय. दोन रविवार कानस घेऊन चेक रेल, म्हणजे तिथे चाकाला वाटेवर धरणारी आतली पट्टी, घासण्यात गेले. मग पाचवीही उतरायला लागली, तेव्हा शंका आली. कपाटाची काच काढली, टेबलावर ठेवली आणि वॅगन तिच्यावर उभी केली. एका टोकाच्या बोगीचं एक चाक काचेला टेकतच नव्हतं. त्याच्याखालून व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं. चौकट तिरकी पिळली गेली होती, खाटेचा एक पाय आखूड असावा तशी.

पुठ्ठा दमट हवेत फुगतो, हे काही मला नवीन नव्हतं. पुठ्ठ्यालाही कापडासारखं उभं-आडवं असतं आणि तो आडव्या दिशेने जास्त फुगतो. थर चिकटवताना ती दिशा नीट सांभाळली नाही, किंवा एकाच बाजूला रंगाचा थर जाड बसला, की दोन बाजू वेगवेगळ्या ताणल्या जातात आणि तुकडा पिळतो. नऊ मिमीच्या रुळावर त्यातला अर्धा मिमीसुद्धा जड जातो.

मी दुरुस्ती केली. दोनपैकी एका बोगीचा स्क्रू सैल केला, म्हणजे ती स्वतःची पातळी शोधेल. हा जुना उपाय आहे आणि चालतोही. घसरणं थांबलं, पण वॅगन एका अंगाला कलून चालायला लागली आणि सहांच्या रांगेत ती वाकडी वॅगन लगेच डोळ्यात भरायची. म्हणून त्या बाजूला बोगीवर कागदाची बारीक चकती घातली. वॅगन सरळ झाली. ऑगस्टभर उत्तम चालली.

दिवाळीत ती आजोळी, बार्शीला घेऊन गेलो, मामांना दाखवायला. लहानपणी मुंबईहून येताना कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून याच छोट्या गाडीत बसायचो, आणि मामा बार्शीच्या फलाटावर वाट बघत असायचे. त्यांनी वॅगन हातात घेतली, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली, मग टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "अरे, ही कलली की या बाजूला." बघतो तर खरंच, आता ती उलट्या अंगाला कलली होती. तिकडच्या कोरड्या हवेत चौकट सरळ झाली होती आणि माझी चकती तेवढी उरली होती.

तिथे मला कळलं की पुठ्ठा वाकतो ही तक्रार खरी मोठी नाही. वाकलेलं सरळ करता येतं. पण जो दोष जुलैत एका जागी असतो आणि डिसेंबरात दुसरीकडे, तो दुरुस्त कशावर धरून करायचा? जुलैत काढलेला बाक हिवाळ्यात नवा बाक होतो. पुढच्या पावसाळ्यापूर्वी मी सगळ्या चौकटींना आतून, बाहेरून आणि कडांनाही सुताराचं चपड्याचं पॉलिश दोन हात दिलं. फरक पडला, निम्म्याने कमी झालं असं म्हणेन. मोजलेलं नाही, काचेवर ठेवून डोळ्याने पाहिलेलं आहे. पण पूर्ण गेलं नाही, आणि दर जूनमध्ये सहा वॅगन काचेवर तपासत बसायचा मला कंटाळा यायला लागला. छंदाला द्यायला रविवारच असतो. तो पुन्हा पुन्हा त्याच चौकटीवर जावा हे मनाला पटेना.

स्टायरीन वाकत नाही असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मालधक्क्याच्या शेडची भिंत जाड करायला मी एक मिमीचे दोन थर सगळ्या पृष्ठभागावर द्रावण लावून चिकटवले. महिनाभर छान सपाट होती. तीन महिन्यांनी मधोमध आत ओढली गेली, कारण दोन थरांत अडकलेलं द्रावण हळूहळू बाहेर पडताना प्लास्टिकला ओढत राहतं. आता मी आतल्या थराला आधी भोकं पाडून ठेवतो आणि द्रावण फक्त कडेने देतो. त्यानंतर तसं झालेलं नाही. आणि झालं तरी ते वाकणं एकदाच होतं. जिथे थांबतं तिथे कायम राहतं. गरम पाण्यात बुडवून, काचेवर दाबून सरळ केलं की काम संपतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

दुसरा त्रास वासाचा. द्रावण कुठलंही असो, त्याची वाफ फुप्फुसात जाऊ देऊ नये. ॲक्रिलिकवाले वापरतात ते क्लोरोफॉर्म तर मी घरात आणतच नाही, मॉडेलसाठी मिळणारं पातळ सिमेंट घेतो. खिडकी उघडी, पंखा पाठीमागून बाहेरच्या दिशेने. आणि गंमत अशी की स्टायरीनची खरी गरज ज्या पावसाळ्यासाठी, त्याच पावसाळ्यात ठाण्यात खिडकी उघडी ठेवता येत नाही. म्हणून जोडकाम ऑक्टोबर ते मे, आणि पावसात फक्त कापणं, रिव्हेट आणि घासकाम, अशी वाटणी मी करून टाकली आहे. घरात दम्याचा माणूस असेल किंवा एकच खोली असेल, तर इथेच थांबा आणि पुठ्ठा घ्या. त्यावर माझं काहीही म्हणणं नाही.

रंगाचं थोडक्यात. पुठ्ठ्याला पाण्याचा रंग देण्याआधी पॉलिश हवंच. स्टायरीनला प्राइमर हवा, आणि गाडीच्या टच-अपचा स्प्रे त्यावर थेट मारू नका, पृष्ठभाग खाल्ला जातो. वजन दोन्हींना घालावं लागतं. चौकटीच्या पोटात दोन चपटे नट बसतात, तेवढं मला पुरतं.

इमारतींबद्दल मत इतकं ठाम नाही. माझं स्टेशन पुठ्ठ्याचंच आहे आणि तीन पावसाळे झाले तरी उभं आहे. आत आडव्या-उभ्या भिंती घालून खोकं घट्ट केलं की पुठ्ठ्याला पिळायला जागाच राहत नाही, शिवाय ते तळाच्या फळीला चिकटलेलं असतं. काळ्या दगडाची भिंत तर पुठ्ठ्यावर जास्त खरी दिसते. ओलसर पुठ्ठ्यावर बोथट पेन्सिलने सांधे दाबायचे आणि वाळल्यावर करडा रंग कोरड्या ब्रशने फिरवायचा, की आपल्याकडच्या बेसॉल्टचा खडबडीतपणा येतो. स्टायरीनवर तो मुद्दाम उकरून काढावा लागतो. पावसात माझ्या स्टेशनच्या छपराची एक कड जराशी उचलते. उचलू दे. तिच्यामुळे काही घसरत नाही.

तेव्हा तुम्ही सोलापूर, लातूर, बार्शीकडे राहत असाल तर पुठ्ठ्याने तुमचं वर्षानुवर्षं छान चालेल अशी शक्यता भरपूर आहे, आणि मी उगाच तुम्हाला खर्चात पाडू इच्छित नाही. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात असाल आणि गोष्ट रुळावर चालणारी असेल, तर निदान चौकट तरी स्टायरीनची करा. माझ्या जुन्या सहांपैकी चार वॅगनना मी तसंच केलं. वरची पुठ्ठ्याची पेटी, रिव्हेटसकट, तशीच ठेवली आणि खालची चौकट नवी दिली. पेटी चौकटीला सगळीकडून न चिकटवता मध्ये दोन थेंबांवरच धरली, म्हणजे ती फुगली तरी चौकटीला ओढत नाही. दोन पावसाळे झाले, काच कपाटात परत गेली आहे.

सुरुवातीला स्टायरीनच्या सगळ्या जाड्या घेऊ नका. अर्धा मिमी बाजूंना, एक मिमी चौकटीला, आणि रिव्हेटच्या पट्ट्यांना पाव मिमीचा छोटा तुकडा. पहिली चौकट जोडली की तिच्यावर लगेच काही चढवू नका. आठवडाभर काचेवर ठेवा, वर एखादं जड पुस्तक, आणि मग बोगी लावा.