पॅरी/जीपी: एकच मोठी संख्या पिंजून काढायची असेल तर

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या एक्सेलमध्ये टाका, फॉर्म्युला बारमध्ये शेवटी ३०० दिसेल. तिथे पंधराच अंक टिकतात. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाका, शेवटचा १ जाऊन ० येतो, कारण २^५३ च्या पुढे तिथे विषम संख्या मावतच नाही. दोन्हीकडे एरर येत नाही, संख्या गुपचूप बदलते. मग अवयव काढा नाहीतर भाजक मोजा, सगळं चुकणार.

फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातून आलेलं पॅरी/जीपी हे मोफत सॉफ्टवेअर पूर्णांक जसाच्या तसा ठेवतं. जीपी (पॅरीची कमांड लिहायची खिडकी) उघडा, फॅक्टर कमांडच्या कंसात संख्या द्या, एंटर. दोन स्तंभ येतात: डावीकडे मूळ संख्या, उजवीकडे घात. इथे ३ चा घात ४, ३७ चा २, ३३३६६७ चा २. सगळे घात सम, म्हणजे पूर्ण वर्ग, वर्गमूळ १११११११११. नमडिव्ह ही कमांड भाजक ४५ सांगते. पडताळा सोपा आहे: प्रत्येक घातात एक मिळवून ५×३×३.

३३३६६७ आला कुठून? १११११११११ = १११ × १००१००१, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. याहून सुंदर गोष्ट झेडएनऑर्डर या, आवर्तन किती अंकी ते सांगू शकणाऱ्या कमांडने सापडते. १/३३३६६७ च्या दशांश रूपात ०००००२९९७ हे नऊच अंक फिरत राहतात, आणि नऊ अंकांचं आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. ३ (आवर्तन १) आणि ३७ (आवर्तन ३) याच जातीच्या. एका संख्येत तिन्ही एकत्र!

१२३४५६७८९८७६५४३२१ सारख्या चढत-उतरत जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. नऊऐवजी दहा एकांचा वर्ग करून पाहा: १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा आला आणि जिना मधेच मोडला.

आता अडचणी. १०^२० ऐवजी १ई२० लिहिलं तर जीपी ती दशांश संख्या धरतं आणि इझप्राइमला (संख्या मूळ आहे का ते तपासणारी कमांड) एरर येते. त्याच कामाची इझस्यूडोप्राइम झटपट उत्तर देते, पण २^६४ च्या पुढे ती सिद्धता नव्हे. सिद्धता हवी तर इझप्राइमच वापरा. स्टॅक ओव्हरफ्लो (मेमरी अपुरी पडल्याची एरर) आला तर पॅरीसाइझमॅक्स ही मेमरीची मर्यादा वाढवा, १ जीबी पुरेसा होतो. नुसतं # टाइप करून एंटर केलं की प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ दिसतो, हे आधीच चालू करून ठेवा.

वेग चांगला आहे. १९०३ मध्ये गणिती फ्रँक कोल यांनी फोडून दाखवलेला २^६७−१ क्षणात १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असा सुटतो. पण पन्नास-पन्नास अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार दिलात तर हे साधन दमतं; त्यासाठी याफू हे खास अवयव काढणारं सॉफ्टवेअर घ्या. काळी खिडकी आणि त्रोटक एरर संदेश यांना नवखा बिचकतो. इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती पॅरीच्या साइटवरच आहे, शाळेतल्या मुलांना तिथूनच सुरुवात करून द्या.