क्योतोचं तोएई एइगामुरा: अख्खा दिवस काढून जा

क्योतोला कोणी निघालंय कळलं की मी हल्ली एकच सांगते, देवळं बागा सगळं करा पण एक पूर्ण दिवस उझुमासा या तिथल्या भागासाठी ठेवा. तिथे तोएई या सिनेमा कंपनीचा जुना स्टुडिओ आहे आणि त्याला लागूनच हे एइगामुरा, म्हणजे सिनेमाचं गाव. आमची ट्रिप ज्यांनी आखली होती त्या ट्रॅव्हलवाल्यांनी (नाव नको) "लहान मुलांचं आहे, दीड तास भरपूर झाला" म्हणून दुपारी ३ ला आणून सोडलं आणि जरा कुठे बघायला लागलो तर चला बसमध्ये. मला इतकी हुरहूर लागली की दुसऱ्या दिवशी ग्रुपला टाटा करून मी आणि नवरा सकाळीच परत आलो. रानदेन नावाची छोटीशी ट्राम आहे, कुठूनही कुठेही एकच भाडं (आम्ही गेलो तेव्हा २५० येन), उझुमासा-कोर्यूजीला उतरायचं, समोरच कोर्यूजी मंदिराचं मोठं लाकडी दार दिसतं, तिथून चालतच जायचं.

आत शिरलं की एदो काळातला, म्हणजे सामुराईंच्या जमान्यातला रस्ता. दुकानं, लाकडी पूल, कंदील. पण मला वेड लागलं ते भिंतींचं. एका दुकानाच्या फळ्यांना हात लावून बघितला, खालचा वीतभर भाग चिखल उडून वाळल्यासारखा रंगवलेला, आणि दाराच्या चौकटीवर जिथे माणूस येताजाता हात ठेवेल नेमका तिथेच रंग घासलेला. म्हणजे रंगवणाऱ्याने तो हातसुद्धा डोळ्यासमोर आणलाय! हे थीम पार्कवाल्यांचं काम नव्हे, कॅमेऱ्यासाठी आयुष्यभर भिंती रंगवणाऱ्यांचं आहे.

आणि हे गाव इथे का आहे ते माहीत असेल तर फिरताना दुप्पट मजा येते म्हणून थोडं सांगते. बांदो त्सुमासाबुरो हा मूकपटांच्या जमान्यातला सामुराई हीरो, त्याने १९२६ मध्ये उझुमासात स्वतःचा स्टुडिओ उभारला, तोच पुढे हातबदल होत होत तोएईकडे आला. तोएई स्वतः १९५१ ची, तीन कंपन्या एकत्र करून काढलेली, आणि जन्मतःच डोक्यावर कर्ज. अध्यक्ष झाले हिरोशी ओकावा, ते सिनेमावाले नव्हेतच, रेल्वेकडून आलेला हिशेबाचा पक्का माणूस. त्यांनी थिएटरना एका तिकिटात दोन नवे सिनेमे द्यायला सुरुवात केली, एक मोठा आणि जोडीला एक छोटा, पोराटोरांना आवडेल असा, आणि गाडी अशी सुटली म्हणता! १९५८ मध्ये जपानभर मिळून ११२ कोटींच्या वर तिकिटं विकली गेली, आणि त्याच वर्षी तोएईने 'हाकुजादेन' काढला, जपानचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट.

मग घरोघरी टीव्ही आला आणि १९७५ पर्यंत तिकिटांचा आकडा २० कोटींच्याही खाली. सामुराईपट जवळपास आटलेच. आता एवढे मोठे सेट, सुतार, विगवाले, कपडेपटवाले, तलवारबाज, यांचं करायचं काय? तर १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्टुडिओचा एक भाग लोकांना तिकीट लावून उघडला, तेच हे एइगामुरा. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये टीव्हीवर तोएईची 'गोरेंजर' सुरू झाली, पाच रंगांचे पाच हीरो, सुपर सेंटाई नावाच्या अशा हीरो-टोळ्यांच्या मालिकांमधली पहिली (त्याआधी १९७१ ला तोएईचाच मुखवटेवाला हीरो 'कामेन रायडर' आलाच होता). आपण लहानपणी पॉवर रेंजर्स म्हणून जे बघितलं त्यात हेल्मेट घातलेल्या मारामारीचं बरंचसं फुटेज याच जपानी मालिकांमधलं. एकाच वर्षी एका हाताने जुने सेट वाचवले आणि दुसऱ्या हाताने नवा प्रेक्षक धरला, मला तर हे फारच ग्रेट वाटतं.

तलवारबाजीचा शो मात्र अजिबात चुकवू नका. मला जपानी येत नाही, संवाद शून्य कळले, काही अडत नाही. पुढे बसा आणि हीरोकडे नको, मरणाऱ्याकडे बघा. त्याला किरारेयाकु म्हणतात, वार झेलून मरायचं हेच त्याचं काम. तलवार बांबूची असते, वर चंदेरी वर्ख, पण पडणं खरं. आमच्यासमोरचा माणूस वार बसल्यावर आधी ताठ उभा राहिला, मग मागे कमानीसारखा वाकत गेला आणि पाठीवर असा आपटला की फळ्यांचा धप्प आवाज आमच्या बाकापर्यंत आला. या कमानीला एबिझोरी म्हणतात, एबि म्हणजे कोळंबी. यातले उस्ताद म्हणजे सेइझो फुकुमोतो, १५ व्या वर्षी तोएईत आले आणि ५०,००० वेळा मेलेला माणूस अशीच त्यांची ख्याती, २०२१ मध्ये गेले. हीरो चांगला दिसतो तो मरणाऱ्यामुळे, हे मला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळलं.

बाकी किमोनो-विग घालून फोटो, निंजाचं घर, अ‍ॅनिमेशनचं दालन, सगळं आहे, मुलांना आवडेलच. आम्ही विगचं नाही केलं, तयारीत बराच वेळ जातो. सध्या गावाचं टप्प्याटप्प्याने नूतनीकरण चालू आहे त्यामुळे कुठला भाग उघडा आहे आणि शोच्या वेळा काय ते वेबसाइटवर बघूनच निघा.

आणि परतताना लगेच ट्राम पकडू नका, दाइएइ-दोरी नावाच्या बाजाराच्या रस्त्यावरून काताबिरा-नो-त्सुजी स्टेशनपर्यंत चालत जा. दाइएइ ही तोएईच्या शेजारची सिनेमा कंपनी, कुरोसावाचा 'राशोमोन' तिचा, १९५१ मध्ये व्हेनिसला गोल्डन लायन मिळालेला. ती १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. आता रस्त्याला नाव उरलंय आणि एका सुपरमार्केटसमोर तिच्या सिनेमातल्या दाइमाजिन राक्षसाचा उंच पुतळा उभा आहे. आम्ही गेलो तेव्हा एक आजी त्याच्या पायाशी सायकल लावून भाजी घ्यायला आत गेल्या.