तीन तारांच्या जागी एक: नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा ‘उना कॉर्डा’

पियानोच्या मधल्या आणि वरच्या पट्ट्यांमागे सहसा तीन-तीन तारा असतात. त्या कितीही जुळवल्या तरी केसभर फरक राहतोच आणि त्यातून सुराला बारीक लहर येते. नुसता पियानो ऐकताना ती लहर गोड लागते. त्यावर डिले (आवाजाची पुनरावृत्ती), ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक कण करणारा इफेक्ट) आणि लांबलचक रिव्हर्ब (घुमारा) चढवला, की लहरीवर लहर आदळून सगळा चिखल होतो. ‘उना कॉर्डा’ या सॉफ्टवेअर-पियानोचं खरं मोल इथे कळतं. यात प्रत्येक सुराला एकच तार आहे.

मूळ, खरंखुरं वाद्य डेव्हिड क्लाविन्स यांनी जर्मन पियानोवादक-संगीतकार निल्स फ्रामसाठी बनवलं. तब्बल 3.7 मीटर उंचीचा पियानो उभारणाऱ्या कारागिराने इतकं हलकं वाद्य करावं, ही गंमतच. त्याच वाद्याचं सॅम्पल केलेलं, म्हणजे सूर रेकॉर्ड करून संगणकावर वाजवता येणारं रूप 2015 मध्ये आलं. त्यासाठी काँटॅक्ट हे सॅम्पल वाजवणारं सॉफ्टवेअर पूर्ण घ्यावं लागत नाही, फुकट मिळणाऱ्या काँटॅक्ट प्लेयरमध्येही ते चालतं.

आत तीन वाद्यं आहेत: प्युअर, फेल्ट आणि कॉटन. प्युअरमध्ये हातोडी थेट तारेवर पडते. बाकी दोन्हींत मध्ये कापड येतं. प्युअरचा आघात स्वच्छ, थोडासा हार्पकडे झुकणारा. सूर कापून, उलटा करून किंवा तुकडे पाडून वापरायचा असेल तर हाच घ्या. कॉटनमध्ये आघात जवळजवळ विरघळतो, त्यामुळे डिलेच्या आवर्तनांत लय हरवते. पॅडसारखा पसरट थर हवा असेल तर मात्र त्याला तोड नाही. रोजच्या कामाला फेल्ट.

आता अडचण. हातोडीची ठकठक, पेडलची कुरकुर, वादकाची हालचाल हे सगळं वेगवेगळं कमी-जास्त करता येतं, आणि सुरुवातीला ते इतकं आवडतं की हात सैल सुटतो. चार ट्रॅकवर तेच वाद्य लावलं, वर कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज एका पातळीकडे आणणारं साधन) बसवला, की प्रत्येक विरामात हीच खरखर वर उसळते. लूप केला तर ती दर फेरीला नेमक्या त्याच जागी येते आणि कान लगेच पकडतो. हे ठकठक-कुरकुरीचे आवाज फक्त मुख्य ट्रॅकवर ठेवा, बाकीच्यांवर पूर्ण बंद. इफेक्टला जाणारी पियानोची प्रत तर या आवाजांविनाच हवी.

इफेक्ट इन्सर्टवर (थेट ट्रॅकवरच) न लावता सेंडवर (वेगळ्या वाटेने पाठवलेल्या प्रतीवर) लावा. डिलेच्या आधी 150 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (खालचे सूर गाळणारा) टाकला की मंद्रातला घुमारा साठत नाही. डिलेची वेळ 72 बीपीएमला (मिनिटाला 72 ठोके) डॉटेड आठवा, म्हणजे पाऊण ठोका, धरली तर 625 मिलिसेकंद. फीडबॅक (डिलेची आवर्तनं किती टिकतात ते) 35 टक्क्यांच्या पुढे नेला तर पुढचा कॉर्ड मागच्याच्या अंगावर येतो. रिव्हर्बला 25-30 मिलिसेकंदांचा प्री-डिले (सुरू होण्याआधीचा उशीर) द्या आणि मूळ पियानोवरून साइडचेन लावून, म्हणजे पियानो वाजताना रिव्हर्ब खाली जाईल असं करून, त्याला थोडा दाबा, म्हणजे आघात पुढे राहतो आणि आस मागे उमलते. ग्रॅन्युलरमध्ये 80 ते 150 मिलिसेकंदांचे कण घेतले तर सुराची ओळख टिकते. 30 च्या खाली गेलात की नुसती भुरभुर उरते.

हे वाद्य हळू वाजवण्यासाठी आहे. हलक्या स्प्रिंगच्या कीबोर्डवर व्हेलॉसिटी (पट्टीवरच्या आघाताचा जोर, 127 पर्यंतच्या आकड्यांत) नकळत 90 च्या वर जाते आणि फेल्टचा सगळा मऊपणा संपतो. दोन मिनिटं वाजवून डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आकडे बघा; बहुतेक सूर 30 ते 75 मध्ये पडेपर्यंत व्हेलॉसिटीचा कर्व्ह बदलत राहा. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल ठेवला तर तेवढ्यापुरता उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. मऊ आघात आधीच उशिरा आल्यासारखा वाटतो, त्यात यंत्राची भर नको.

बीथोव्हेनचं गडगडाटी काही वाजवायचं असेल तर हे वाद्य घेऊ नका. एका तारेत तेवढा दम नसतो, आणि तार सप्तकात सूर लवकर विझतो. मोठ्या आवाजाच्या ऑर्केस्ट्रा-थरांतही ते दबून जातं.

संगणकाची मेमरी कमी पडत असेल तर रचना पूर्ण झाल्यावर काँटॅक्टच्या पर्ज (न लागणारे सॅम्पल काढण्याच्या) मेनूतून आधी मार्कर रीसेट करा, ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजू द्या आणि मग सॅम्पल पूल अपडेट करा. न वाजलेले सूर मेमरीतून निघून जातात. नंतर नवा सूर जोडला आणि तो मुकाच राहिला, तर बिघाड शोधत बसू नका. पूल पुन्हा अपडेट करा.