विश्रामबागची लॅब, आईच्या प्रोटीन टेस्टचा अनुभव
आईची कंबरदुखी वर्षभर चाललेली, शेवटी डॉक्टरांनी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस लिहून दिली म्हणून सांगलीत विश्रामबागला या लॅबमध्ये गेलो. पहिल्याच टोचण्यात शीर सापडली, आईला कळलंसुद्धा नाही. रिपोर्ट मात्र २ दिवस उशिरा, तोवर जीव टांगणीला. पण मॅडमनी आलेख समोर धरून समजावलं, विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रोटीन्स वेगवेगळी होतात, सगळ्यात उंच टोक अल्ब्युमिनचं, आणि शेवटच्या गामा भागात सुईसारखं टोक आलं तर एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी एकच अँटीबॉडी बनवत सुटल्यात, म्हणजे मायलोमाची, या पेशींच्या कॅन्सरची शंका. आईचा तो भाग पसरट, टेकाडासारखा, सुईसारखं टोक नाहीच. तिथंच डोळ्यात पाणी आलं माझ्या. एवढं नीट कुणी सांगत नाही हो. पार्किंगला जागा कमीय, गाडी लांबच लावा.