गेस्टचे रजिस्टर कुठे ठेवायचे: मेमरीत की होस्टच्या रजिस्टरमध्ये?

एक्स८६-६४ लिनक्सचे प्रोग्राम एआरएम६४ या वेगळ्या प्रोसेसरवर चालवणारा एम्युलेटर लिहायचा, तर हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. इथे एक्स८६-६४ हा गेस्ट, एआरएम६४ हा होस्ट, आणि रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट साठवणीच्या जागा. दोन्ही पर्यायांचा खरा कस सिस्टम कॉलच्या वेळी, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे) काम सोपवतो तेव्हा लागतो.

खऱ्या मशीनवर कॉलचा क्रमांक आरएएक्समध्ये जातो आणि उत्तरही तिथेच येतं. 'सिसकॉल' ही इन्स्ट्रक्शन आरसीएक्समध्ये परतीचा पत्ता आणि आर११ मध्ये फ्लॅग (प्रोसेसरची स्थिती सांगणारे बिट) लिहिते. बाकीचे जनरल रजिस्टर, अगदी आर्ग्युमेंटचे आरडीआय आणि आरएसआयसुद्धा, जसेच्या तसे परत मिळतात. सी फंक्शनला आरडीआय, आरएसआय बदलायची मुभा असते, कर्नलला नाही. आणि असेंब्ली लिहिणारे यावर निर्धास्त विसंबतात.

क्यूएमू या प्रसिद्ध एम्युलेटरचा यूजर मोड गेस्टचे रजिस्टर मेमरीतल्या एका स्ट्रक्चरमध्ये ठेवतो. कॉल हाताळणाऱ्या सी कोडने होस्टचे रजिस्टर कितीही वापरले तरी गेस्टला झळ लागत नाही. सिग्नलमुळे (कर्नलने प्रोग्रामला मध्येच दिलेल्या सूचनेमुळे) अडलेला कॉल पुन्हा करायचा, तर आरएएक्स न बदलता आरआयपी, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, २ बाइट मागे घेतला की झालं, कारण 'सिसकॉल' इन्स्ट्रक्शन २ बाइटचीच असते. किंमत मोजायची ती सततच्या लोड-स्टोअरची, म्हणजे मेमरीतून वाचण्या-लिहिण्याची.

दुसरा पर्याय वेगवान आहे: गेस्टचे १६ रजिस्टर होस्टच्या ३१ मध्ये सहज मावतात. एआरएम६४ चं कर्नलही उत्तराचा एक्स० सोडून बाकीचे जपतं, म्हणून थेट कॉल करायचा मोह होतो. पण 'राइट' या कॉलचा क्रमांक एक्स८६-६४ वर १ तर एआरएम६४ वर ६४. फाइलची माहिती देणाऱ्या 'स्टॅट'च्या स्ट्रक्चरची मांडणीही वेगळी. मध्ये सी फंक्शन येतंच, आणि फ्रेम पॉइंटर एक्स२९ सोडला तर ते एक्स१९ ते एक्स२८ एवढे दहाच जपायला बांधलेलं असतं. उरलेले सहा आधी मेमरीत उतरवावे लागतात. नेमका त्या मधल्या क्षणी सिग्नल आला, तर कोणतं मूल्य कुठे आहे हे सिग्नल हाताळणाऱ्या हँडलरला कळायला हवं. सर्वांत चिवट बग इथेच दडतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: अचूकता आधी हवी असेल, तर मेमरी. गेमसारखं गणनेचं ओझं असेल, तर थेट रजिस्टर; पण कॉलपूर्वी सगळे १६ मेमरीत उतरवा. कर्नलमध्ये जाऊन येण्याच्या खर्चापुढे १६ स्टोअर किरकोळ आहेत.

प्रोसेसर तोच आणि फक्त ऑपरेटिंग सिस्टम वेगळी असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. तिथे कॉलची रीत तपासा: फ्रीबीएसडी चूक कॅरी फ्लॅगने कळवते, लिनक्स आरएएक्समधल्या ऋण आकड्याने.

कोणताही पर्याय निवडा, सगळ्या रजिस्टरांत वेगवेगळे आकडे भरून 'गेटपीआयडी' हा साधा कॉल करा आणि ताडून पाहा. मग तेच, सिग्नलने अडवलेल्या 'रीड'वर.