पर्स्पेक्टिव्हचा ऑनलाइन कोर्स: माझी माणसं अखेर जमिनीवर उभी राहिली

माझ्या चित्रांतली माणसं कायम तरंगायची. खोली एका कोनातून, टेबल भलत्याच. पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे कागदावर जवळ-लांब खरं वाटेल असं दाखवण्याच्या, या कोर्सने कारण दाखवलं: क्षितिजरेषा म्हणजे आपल्याच डोळ्यांची उंची. मी उभी असेन, तर सपाट जमिनीवर माझ्याएवढ्या उंचीच्या प्रत्येकाचे डोळे, जवळ असो की लांब, त्याच रेषेवर येतात. एवढं समजलं आणि माझा रस्ता पहिल्यांदा खरा वाटला.

सगळ्यात आवडला फरशीचा धडा. मागचे चौकोन किती आखडायचे, हे मी अंदाजाने ठरवायचे. इथे कर्ण काढून तपासायला शिकवलं: एकच सरळ रेषा ओळीने फरशांच्या कोपऱ्यांतून गेली, तर काम बरोबर. ही कसोटी आल्बर्टी या इटालियन वास्तुकार-लेखकाने 1435 मध्येच लिहून ठेवली होती! माझी फरशी तिसऱ्या ओळीतच चुकलेली निघाली. सगळी खोडून पुन्हा काढली.

तक्रार एक, पण मोठी. इमारतीच्या दोन बाजूंच्या समांतर कडा लांबवर जिथे मिळताना दिसतात, ते दोन्ही लोपबिंदू कागदाच्या आतच घ्यायला लावतात. त्याने इमारतीचा कोपरा भाल्यासारखा टोकदार होतो. मी दोन्हीकडे कागद चिकटवून बिंदू लांब नेले, तेव्हा कुठे इमारत नीट उभी राहिली. सावल्यांचा भाग घाईत उरकलाय. तरी कोर्स घ्याच, फक्त लांब पट्टी जवळ ठेवा.