‘दहा दिवसांत दारूमुक्ती’चं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

दहा दिवसांत दारू सुटते. हे वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच त्यावर आमचे ६५ हजार रुपये गेले. धादांत खोटं बोलणारा लवकर सापडतो. असली पॅकेजं विकणारी व्यसनमुक्ती केंद्रं अर्धं खरं बोलतात.

मी कोल्हापूरकडे एका फाउंड्रीत मेंटेनन्स फिटर आहे. पेशंट मीच. केंद्राचं नाव देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय एक नाव टाळलंत तरी तसल्याच दुसऱ्या पाटीखाली जाल, त्यामुळे नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

आमच्या घरी पाटीवरचा नंबर बायकोने लावला. पलीकडचा माणूस बोलायला गोड. म्हणाला, “ताई, दहा दिवस पेशंट आमच्याकडे द्या, अकराव्या दिवशी नवरदेव घेऊन जा.” किती वर्षं पितात, सकाळी उठल्या उठल्या लागते का, कधी फिट आलीय का, लिव्हरचा रिपोर्ट आहे का, यातलं एकही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की रोख देणार का ऑनलाइन. पैसे जास्त वाटत असतील तर मेडिक्लेममधून निघतात, हेही वर सांगितलं. तिने गंठण पतसंस्थेत ठेवलं. मेहुणा मला गाडीत घालून घेऊन निघाला, वाटेत म्हणाला, “दाजी, एकदाचं होऊन जाऊ दे.” मीही नको म्हटलं नाही. त्या दिवसांत सकाळी क्वार्टरमधली निम्मी पोटात गेल्याशिवाय माझ्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, धरवत नव्हता. त्याचे जबडे मोजायच्या जॉबवर टेकायच्या आत कटकट वाजायचे आणि शेजारच्या मशीनवरची पोरं मान फिरवायची.

आत गेल्यावर मोबाइल काढून घेतला आणि चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या. दोन कागद कोरे होते. माझी सही तेव्हा अशी येत होती की बँकेने चेक परत केला असता, पण तिथे कुणाची हरकत नव्हती.

आता तिथे काय झालं ते सांगण्याआधी शरीरात काय होतं ते सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. हे मला केंद्रात कुणी सांगितलं नाही. पुढे सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा मारून समजावलं. दारू मेंदूला मंद करते. रोजची झाली की मेंदू त्या ब्रेकवर मात करायला ॲक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो. दारू एकदम बंद केली की ब्रेक निघतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट यायची तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. आणि काहींना ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस भ्रमात जातो, भिंतीवर किडे दिसतात, ताप आणि बीपी चढतं. उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस दगावतो. म्हणून जुन्या पिणाऱ्याने घरच्या घरी, ‘उद्यापासून बंद’ म्हणून, एका झटक्यात सोडू नये. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या देऊन त्या दिवसागणिक कमी करत आणतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, भरपूर देतात. साधारण आठवडा-दहा दिवसांत शरीर थाऱ्यावर येतं. याला म्हणतात डिटॉक्स.

म्हणजे दहाव्या दिवशी बहुतेक पेशंट चांगलाच दिसतो. हात स्थिर, चेहऱ्यावरची सूज उतरलेली, भूक लागलेली. अमक्या केंद्रात ठेवा नाहीतर तमक्या, वादळातून जिवंत बाहेर आला की दिसणार असाच. केंद्राने जे विकलं ते हे दहाव्या दिवसाचं तोंड.

आणि ते दहा दिवस तरी नीट सांभाळले का, तर तेही नाही. एका हॉलमध्ये गाद्या, बाहेरून कडी. सलाइन लावायला एक पोरगा यायचा, तो बीएस्सी की काय करत होता. संध्याकाळी सगळ्यांना एकसारख्या गोळ्या, पाकिटाबाहेर काढून तळहातावर ठेवलेल्या. कसल्या, ते विचारायचं नाही. पाटीवर ज्या डॉक्टरांचं नाव होतं ते मला एकदाही दिसले नाहीत. जास्त पिणाऱ्यांमध्ये बी-१ आधीच कमी असतं, अशाला ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

माझ्या पलीकडच्या गादीवर शिरोळकडचा एक तरुण मुलगा होता. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. दात घट्ट, डोळे वर, टाच फरशीवर ठोकतेय. वॉर्डन उठला आणि त्याच्या नाकाला चप्पल लावली. मग कांदा. दोन मिनिटांनी पोरगा आपोआप शांत झाला, तर वॉर्डन आमच्याकडे बघून म्हणाला, “बघितलं? नाटक असतंय.” सकाळी त्याच्या घरी फोन गेला की तुमचा पेशंट इतरांना त्रास देतो, घेऊन जा. पैसे परत दिले नाहीत, एवढं त्याच्या वडिलांच्या आवाजावरून सगळ्या हॉलला कळलं.

दहाव्या दिवशी निरोप समारंभ. हो, खरंच. खुर्च्या मांडल्या, बायकोला बोलावून घेतलं, मला शाल आणि श्रीफळ. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र: ‘सदर व्यक्ती पूर्णपणे व्यसनमुक्त झाली आहे’. मोबाइलवर व्हिडिओ काढला, दोन वाक्यं पाठ करून घेतली. बायको रडत होती, ते जवळून घेतलं. गावाकडच्या सत्कारात असते तशी सगळी तयारी, फक्त भाषण करणारा अध्यक्ष कमी पडला.

प्रमाणपत्राबरोबर गॅरंटी कार्ड होतं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी होत्या. तिसरी अट: ‘रुग्णाने पुन्हा मद्यप्राशन केल्यास गॅरंटी आपोआप रद्द समजली जाईल.’ दारू सुटण्याची गॅरंटी, आणि प्यायला तर ती रद्द! हे कार्ड मी पुढे वकिलांना दाखवलं तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांनी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या.

निघताना बायकोच्या हातात पुडी दिली, साडेतीन हजारांची. आयुर्वेदिक आहे, त्यांना न सांगता आमटीत घाला. पुडीवर नाव नाही, बॅच नंबर नाही, काही नाही.

घरी आल्यावर मी उत्तम होतो. फार तर झोप येत नव्हती आणि बारीकसारीक गोष्टीवरून डोकं फिरायचं. हे पुढचं प्रकरण मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. शरीरातून दारू गेली तरी झोप, चिडचिड, उदासी हे कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने रेंगाळतं. आणि तलफ तर वेगळीच गोष्ट. पगाराचा मेसेज आला की, शिफ्ट सुटली की, कंपनीच्या गेटसमोरच्या अंडा-बुर्जीचा वास आला की पाय आपोआप वळतात. तिथे काय करायचं, कुणाला फोन लावायचा, पैसे कुणाकडे द्यायचे, लग्नाच्या वरातीतून कसं निसटायचं, हे शिकायला वेळ लागतो. व्यसनमुक्तीचं खरं काम हे, आणि नेमकं ते सुरू व्हायच्या दिवशी यांनी मला शाल घालून घरी पाठवलं.

मी प्यालो. मेहुण्याच्या नातलगाच्या हळदीला, एकच नाइन्टी. पाच-दहा मिनिटांत तोंड लालबुंद, कानशिलं ठणकायला लागली, छाती फुटेल अशी धडधड, मग अंधारी. सरकारी दवाखान्यात नेलं तर बीपी खाली गेलेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “दारू सोडायची कसली गोळी-पावडर चालू आहे का?” बायकोने पुडी दाखवली. तपासणी झालेली नाही, त्यामुळे आत काय होतं ते मी ठामपणे लिहू शकत नाही. पण लक्षणं डायसल्फिरमची, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात त्या औषधाची, आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. ते औषध वाईट नाही, मानसोपचारतज्ज्ञही देतात. पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय-लिव्हर तपासून, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू घेतली तर त्रास होऊ शकतो हे बजावून. चोरून जेवणात घातलेलं तेच औषध जीव घेऊ शकतं. बायकोला हे माहीत असतं तर तिने त्या पुडीला हात लावला नसता. तिला फसवलं गेलं, आणि मरायची वेळ माझ्यावर आली.

मग केंद्राला फोन केला. उत्तर तयार होतं: “साहेब, तुमची इच्छाशक्ती कमी पडली. पुन्हा दहा दिवस या, जुन्या पेशंटला निम्म्या दरात.” तेव्हा मला हॉलमधले ते दोघे आठवले, तिसऱ्यांदा आलेले. त्यांच्याकडेही पूर्णपणे व्यसनमुक्त झाल्याची प्रमाणपत्रं असणारच. दुकान चालतं ते अशाच गिऱ्हाइकांवर. त्यात भर म्हणजे सोडणं-धरणं वारंवार झालं की विड्रॉल, म्हणजे दारू बंद केल्यावरची ती थरथर-फिटची लक्षणं, प्रत्येक वेळी जास्त कडक होऊ शकतात. म्हणजे निम्म्या दरात मिळणारी दुसरी खेप पहिल्यापेक्षा धोक्याची.

मेडिक्लेमचंही तसंच. बिलावर त्यांनी परस्पर ‘जठराला सूज’ लिहिलं होतं. विमा कंपनीने क्लेम नाकारला. व्यसनाच्या उपचाराचा खर्च बऱ्याच पॉलिसींमध्ये सरळ वगळलेला असतो, आणि खोटं निदान लिहून तो काढायला गेलात तर अडकता तुम्ही. शिवाय माझ्या हातात एक कागद सांगतो की मला पोटाचा आजार होता, दुसरा सांगतो की मी व्यसनमुक्त झालो. मला कोणती औषधं टोचली, हे एकही सांगत नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजार येतात. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. म्हणजे पेशंट ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, ट्रस्टची किंवा दुकान परवान्याची नोंदणी दाखवून भागत नाही. पेशंटला आपली वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे, आणि साखळीने बांधून ठेवायला साफ बंदी आहे. नोंदणीचा नंबर फोनवरच मागा. ‘आल्यावर दाखवतो’ म्हणाले तर जाऊ नका. रात्री दोन वाजता फिट आली तर तुमच्याकडे कोण असतं, हेही विचारा. आणि घरी सोडल्यावर पुढचे सहा महिने काय, हा प्रश्न विचारून गप्प बसा. उत्तर कसं येतं त्यावरून माणूस कळतो.

एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांच्या घरचे कुठल्यातरी पाटीवरचा नंबर लावत असणार.

चांगली ठिकाणं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला मोठी देणगी दिली. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे आणि त्यानंतरही पाठपुराव्याला बोलावतात. मी तिथे गेलो नाही. नोकरी सांभाळून जमलं ते सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत. आधी रक्त तपासलं, तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन दिलं, आणि एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जायला सांगितलं. शाळेच्या एका वर्गात भरते, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतो आम्ही. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला वाटेल त्याने टाकावं. वर्षानुवर्षं न प्यालेली माणसं तिथे येतात आणि ‘सुटली’ असं एकजणही म्हणत नाही. म्हणतात, आजचा दिवस प्यालो नाही. बायको घरच्यांसाठी असलेल्या अल-ॲनॉनच्या मीटिंगला जाते. मधे एकदा माझी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यालो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा डोस बघितला, काय घडलं ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. इच्छाशक्तीवर व्याख्यान नाही, सवलतीचं पॅकेज नाही.

कुणाला विचारायचं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनासाठीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी नंबर फुकट आहेत. पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पावती, जाहिरातीचा फोटो, फोनवरचं बोलणं, पुडी असेल तर पुडी, काहीही फेकू नका.

आमच्या तक्रारीला केंद्राच्या वकिलांचं लेखी उत्तर आलं आहे. त्यात म्हटलंय, तक्रारदाराने स्वतः मद्यप्राशन करून कराराचा भंग केला आहे, सबब तक्रार फेटाळावी आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.